विनार्नीने काढून दिलेला रस्ता

“थोड्याशाच पायऱ्या आहेत” असं कुणी म्हणालं की विनार्नीच्या डोक्यात तिडीक जायची.

“थोड्याशा म्हणजे काय, मास?” ती फोनवरच्या त्या ‘मास’ला, म्हणजे दादाला, विचारायची. “एक असली तरी ती पायरीच ना? खुर्चीच्या चाकाला थोडं आणि फार कळत नाही.”

पलीकडचा बसथांब्यावरचा माणूस तिला बू, म्हणजे बाई, म्हणत गडबडायचा. “नाही, म्हणजे, बू, आमची पोरं आहेत ना इथे. उचलून घेतील.”

“तुमची पोरं राहू देत तुमच्यापाशी. मला उतार आहे का ते सांगा.”

मग फोन बाजूला आपटून ती पुन्हा शिवणाच्या मशीनकडे वळायची. पूर्व जकार्तातल्या क्लेंदेरच्या एका बोळात, धाकट्या बहिणीच्या घराच्या ओसरीवर तिचं मशीन होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश उसवून मोठे करणं, हे तिचं पोटापाण्याचं काम. लहानपणी पोलिओत एक पाय गेला होता. काखेत कुबड्या आल्या त्या आता शेहेचाळिशीपर्यंत तशाच होत्या. रस्ते शोधून द्यायचं दुसरं काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते तिच्या गळ्यात पडलं होतं.

झालं असं, की बोळातल्या एका अंध मालिशवाल्याचा रोजचा बसथांबा एके दिवशी न सांगता हलवला. तो बिचारा उखडलेल्या रस्त्यात काठी आपटत उभा, आणि फोन केला विनार्नीला. तिने बसल्या जागेवरून दोन-चार ठिकाणी विचारून त्याला नवीन थांब्यावर पोचवलं. त्याने हे चारचौघांत सांगितलं आणि तिथून सुरू झालं. “म्बाक विन, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.” “म्बाक विन, भाचीचा निकाह आहे, हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणतात.” म्बाक म्हणजे ताई, तिच्याहून मोठी माणसंही आता तिला ताईच म्हणायची. कुठल्या थांब्याला उतार आहे, कुठल्या पादचारी पुलाचा उतार इतका उभा की खुर्ची मागे घसरते, अंधांसाठी फुटपाथवर बसवलेल्या पिवळ्या फरश्या कुठे सरळ विजेच्या खांबात जाऊन थांबतात, हे ती विचारून, भांडून, कधी स्वतः जाऊन बघून यायची. घरून घेऊन जाणारी मोफत गाडीही होती शहरात. पण ती मिळवायला माणसाने आपलं आजारपण आधीपासून ठरवून ठेवायला हवं होतं.

“अख्ख्या जकार्ताला रस्ता दाखव तू,” बहीण त्री कांदा चिरता चिरता म्हणायची. “आणि ती काकूंची कबाया कधीची पडलीये, तिला बाह्या कोण लावणार? तुझे थांबेवाले?”

“लावते गं. एक फोन होऊ दे.”

“तुझा एक फोन म्हणजे आमचा स्वयंपाक होऊन भांडी घासून होतात.”

अशाच एका दुपारी सेप्ती आली. सप्टेंबरात जन्मली म्हणून सेप्तियानी, आणि बोळात सगळ्यांची सेप्ती. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून पदवी घ्यायची होती तिला. आई तिच्या शाळेच्या दिवसांतच गेली. घरात ती आणि वडील जुमादी, तिचे बापाक आणि बोळाचे पाक, एवढेच.

“म्बाक, पदवीदानाला दोघांना बोलावता येतं,” ती ओसरीच्या कडेला टेकत म्हणाली. “बापाक नाही म्हणतात. मी विचारलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.”

विनार्नीला कारण ठाऊक होतं. सगळ्या बोळाला ठाऊक होतं. जुमादी एके काळी शहरबसचा ड्रायव्हर, आवाज असा की इंजिनच्या वरून ऐकू जायचा. साखरेने आधी एक पाय खाल्ला, मग दुसरा. दुसऱ्या ऑपरेशननंतर दवाखान्याच्या जिन्यावरून चार जण त्यांना खुर्चीसकट खाली आणत होते. मध्येच एकाची चप्पल सटकली. खुर्ची कलली, जुमादी पायऱ्यांवर पडले, लुंगी कमरेपर्यंत वर गेली. ताज्या टाक्यांतून रक्त आलं. पण त्याहून वाईट म्हणजे घाबरलेल्या पोरांपैकी एक जण खिदळला. तेव्हापासून जुमादी म्हणायचे, मला कुणी उचलायचं नाही. खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर ते हातांच्या जोरावर स्वतः सरकायचे, आणि जिथे चाक जात नाही तिथे ते जात नव्हते. टॅक्सीचीही तीच गत. खुर्ची बघूनच गाडीवाले पुढे निघून जात, आणि जे थांबत ते “उचलून बसवू का, पाक?” असं विचारत.

“दुसरी जागा तुमची,” सेप्ती म्हणाली. “तुम्ही रस्ता काढून दिलात तर येतील ते. तुमचं ऐकतात.”

“कुणाचंही ऐकत नाहीत ते,” विनार्नी म्हणाली. पण तिच्या डोक्यात बस बदलायची कुठे, हे फिरायला लागलं होतं.

मोफत गाडी त्या दिवसासाठी आधीच भरली होती. पदवीदानाच्या आठवडाभर आधी ती स्वतः तो सगळा रस्ता जाऊन आली. घराजवळच्या थांब्याला लांबलचक उतार होता. दमवणारा, पण जमण्यासारखा. बस मधल्या राखीव मार्गावरून सरळ दक्षिणेकडे जायची. सभागृहाच्या समोरच थांबा. तिथून पादचारी पुलावर चढायचं, रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं; थांब्यावर एक लिफ्ट आणि पलीकडे एक लिफ्ट. दोन्ही चालू होत्या. तिथल्या तरुण सुरक्षारक्षकाने बटण दाबून तिला वर नेलं, खाली नेलं. लिफ्टला नव्या रंगाचा वास येत होता.

“रोज चालू असते?” तिने विचारलं.

“रोज, बू.”

परतल्यावर तिने जुमादींच्या दारात उभं राहून सांगितलं, “सगळं बघून आलेय, पाक. घरापासून सभागृहातल्या जागेपर्यंत कुणाचा हात लागणार नाही तुम्हाला.”

जुमादींनी टीव्ही बंद केला. “बातिकचा शर्ट मोठा होतो आता मला,” ते म्हणाले. “बाजूने आत घेशील का?”

त्या सकाळी सेप्ती मैत्रिणींबरोबर पहाटेच गेली होती. केस वर बांधलेले, तोंडाला इतकी पावडर की बोळातल्या बायकांनी हसून घेतलं. मागाहून विनार्नी आणि जुमादी निघाले. शर्ट अंगाबरोबर बसला होता, डोक्यावर काळी पेची टोपी. थांब्याच्या उतारावर जुमादींचे दंड थरथरायला लागले. एका तळणीवाल्याने टोपलं खाली ठेवून विचारलं, “ढकलू का, पाक?” विचारलं म्हणून जुमादींनी होकाराची मान डोलावली.

पहिली बस आली ती फलाटापासून हातभर लांब उभी राहिली. दारातली कर्मचारी पोरगी म्हणाली, “पुढच्या बसने या हं, बापाक.” पुढचीही तशीच लांब उभी राहिली. तिसरी येताना दिसली तेव्हा जुमादींनी छाती भरून श्वास घेतला आणि त्यांचा तो जुना आवाज निघाला.

“उजवीकडे घे! अजून घे! आरसा कशाला लावलाय, भांग पाडायला?”

ड्रायव्हरने दचकून स्टीअरिंग वळवलं. बस फलाटाला अशी चिकटली की मधून चमचा गेला नसता. आतली माणसं हसली. जुमादी स्वतः चाकं फिरवत आत गेले, आणि विनार्नीने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

“पोरगं बरं आहे,” ते म्हणाले. “फक्त सांगावं लागतं.”

सभागृहाच्या थांब्यावर उतरले तेव्हा वेळ हाताशी होता. पदवीचे झगे घातलेली मुलं, कबायातल्या आया, फुलांचे गुच्छ, फुगे. सगळा लोंढा पुलाच्या जिन्याकडे चालला होता. विनार्नी कुबड्या टेकत लिफ्टपाशी गेली. दाराला साखळी लावून पाटी अडकवली होती: ‘दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

तोच तरुण रक्षक धावत आला. त्याने तिला ओळखलं, आणि ओळखल्यामुळेच त्याची मान खाली गेली.

“काय झालंय हिला?”

“माहीत नाही, बू. वरून सांगितलंय.”

“कधी चालू होणार?”

“तेही वरच्यांनाच माहीत.” मग त्याने जुमादींकडे पाहिलं. “आम्ही चौघे आहोत, बापाक. एका मिनिटात वर नेतो.”

“नाही,” जुमादी म्हणाले.

“थोड्याशाच पाय—”

“बोलू नकोस!” विनार्नी इतक्या जोरात ओरडली की जिन्यावरचे लोक वळून बघायला लागले.

जुमादींनी दोन्ही चाकं घट्ट धरून ठेवली होती, जणू आत्ताच कुणी त्यांना हिसकावणार आहे. विनार्नीचा फोन वाजला. सेप्ती. “म्बाक, आत घेताहेत पालकांना. कुठे आहात?”

“समोरच आहोत. आलोच.” हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसरा रस्ता तिने काढला. पुढच्या थांब्याला लिफ्ट नव्हती, पण उतार होता. तिथे उतरून फुटपाथने मागे यायचं. पुढची बस पकडली, उतरले, उताराने खाली आले, आणि फुटपाथवर चढताच थांबले. फुटपाथच्या तोंडाशी मोटरसायकली चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले होते. दोन खांबांमधून मोटरसायकली सहज जाऊ शकत होत्या, आणि जातही होत्या. खुर्ची जात नव्हती.

विनार्नीने कुबडीने एका खांबावर फटका मारला. कुबडीलाच चीर गेली.

“रस्त्यावरून जाऊ,” जुमादी म्हणाले.

“पाक, मोटारी—”

“पोटासाठी मोटारींतच आयुष्य काढलंय मी. तू कडेने चाल.”

आणि ते रस्त्यावर उतरले. मागून भोंगे वाजत होते, मोटरसायकलवाले कोपर घासून जात होते, एकाने “घरी बस की, आजोबा!” असंही सुनावलं. जुमादींनी मान वर केली नाही. ऊन चढलं होतं. तळव्यांची कातडी निघाली तेव्हा त्यांनी पेची काढून उजव्या हाताखाली धरली आणि त्या पेचीने चाक फिरवायला लागले. विनार्नी चिरलेल्या कुबडीवर भार न देता लंगडत मागे. ती मनातल्या मनात शिव्या घालत होती: खांब रोवणाऱ्याला, साखळी लावणाऱ्याला, आणि ‘सगळं बघून आलेय’ म्हणणाऱ्या आपल्या तोंडाला.

सभागृहाच्या पुढच्या दाराला रुंद, चकचकीत पायऱ्या होत्या. दारावरच्या बाईने गोड हसून मागची वाट दाखवली. ती स्वयंपाकघरातून जात होती. तळलेल्या क्रुपुक पापडांच्या पिंपांमधून, घामाघूम वाढप्यांना “सरका, सरका” म्हणत ते आत पोचले, तेव्हा व्यासपीठावर समारोपाचं भाषण चाललं होतं. सेप्तीचं नाव केव्हाच पुकारून झालं होतं.

सेप्ती त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात भेटली. झगा तसाच, टोपीचा गोंडा पदवी मिळाल्यावर सरकवतात तसा पलीकडच्या बाजूला गेलेला. पावडरीवरून पाण्याच्या रेघा.

“मी वर उभी होते,” ती म्हणाली. “नाव घेतल्यावर खाली बघितलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.”

“लिफ्ट बंद होती गं,” विनार्नी म्हणाली.

“तुम्ही म्हणालात सगळं बघून आलेय! मी तुमच्यावर सोडलं होतं ना, म्बाक? नाहीतर मी कॉलेजची चार मुलं पाठवली असती बापाकना आणायला.”

“तिला काही बोलू नकोस,” जुमादी म्हणाले. “ते उचलून न्यायला तयार होते. मीच नाही म्हटलं.”

सेप्ती हळू आवाजात म्हणाली, “एक दिवस, बापाक. माझ्यासाठी एक दिवस उचलू दिलं असतं तर?”

जुमादींनी हात मांडीवर उपडे घातले. तळवे तिला दिसू नयेत म्हणून, हे विनार्नीला कळलं. सेप्तीलाही कळलं असावं, कारण ती खाली बसली, तिने ते हात उलटे केले, आणि मग नर्सने बघावं तसं नुसतं बघत राहिली. “पाणी आणते,” म्हणून उठली.

विनार्नीचा जीव आतल्या आत जळत होता. मुलगी बापाला बोलते, बाप स्वतःला दोष देतो, मी माझ्या तोंडाला. आपण आपसातच एकमेकांना ओरबाडतोय आणि ती साखळी तिथे मजेत लटकते आहे.

फोटो काढले. जुमादी खुर्चीत, सेप्ती शेजारी वाकून. फोटोग्राफर म्हणाला, “हसा, बापाक,” आणि जुमादी हसले. तो फोटो आजही त्यांच्या भिंतीवर आहे. बघणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

परत जाताना सेप्ती बरोबर होती. पुलाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे सभागृहाच्या बाजूला, खाली लिफ्टचं दार होतं. तिथेही साखळी, तीच पाटी.

“पुढच्या थांब्यापर्यंत मी ढकलते,” सेप्ती म्हणाली.

“नाही,” विनार्नी म्हणाली. तिने कुबड्या भिंतीला लावल्या आणि लिफ्टच्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली. “मी हलणार नाही. चालू तरी करा, नाहीतर काय बिघडलंय ते माझ्या तोंडावर सांगा.”

“म्बाक, उठा ना. लोक बघताहेत.”

“बघू देत. एरवी कुठे बघतात?”

रक्षक आला, गयावया करून गेला. मग पर्यवेक्षक आला. पोट सुटलेला, सभ्य, खिशाला पेन. “बू, इथे बसू नका, प्लीज. काय अडचण आहे?”

“लिफ्टला काय झालंय?”

“दुरुस्ती—”

“दुरुस्ती करणारा कुठे आहे? हत्यारं कुठे आहेत? दार तर उघडलेलंही दिसत नाही.”

पर्यवेक्षकाने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग समजूत काढणाऱ्या सुरात म्हणाला, “खरं सांगू का, बू, बिघडलेली नाही. गर्दीच्या दिवशी आम्हीच बंद ठेवतो. समारंभ असला की सगळे धडधाकट लोक आत घुसतात, वजन जास्त होतं, मशीन अडकतं. मग आठ-पंधरा दिवस बंद. त्रास शेवटी तुम्हालाच ना? तुमच्यासाठीच जपून ठेवतो आम्ही.”

विनार्नीला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिच्या तोंडून हसू बाहेर पडलं. ते थांबेना, आणि कुठल्या क्षणी त्याचं रडणं झालं ते तिलाही कळलं नाही. “आमच्यासाठी,” ती म्हणत होती. “आमच्यासाठी जपून ठेवली. ऐकलंत का, पाक?”

पुढे आली ती सेप्ती. झगा सावरत पर्यवेक्षकासमोर उभी राहिली.

“माझं नाव परत पुकारतील का?” तिने विचारलं.

“काय म्हणालात?”

“सकाळी पुकारलं. हे पलीकडे थांब्यावर अडकले होते, तुमच्या जपून ठेवलेल्या लिफ्टपाशी. परत पुकारतील का ते सांगा.”

पर्यवेक्षकाने खिशात हात घातला. किल्ली पेनाच्या शेजारीच होती. साखळी निघाली, थांब्यावरच्या लिफ्टचीही काढायला त्याने रक्षकाला पिटाळलं, दार उघडलं, आत दिवा लागला. लिफ्ट त्यांना घेऊन वर गेली, कुरकुर नाही की धक्का नाही. वर दार उघडल्यावर दोन तरुण फुगे घेऊन आत शिरायला लागले, तेव्हा जुमादी म्हणाले, “आधी उतरू दे की, बाळांनो,” आणि ते मुकाट्याने बाजूला झाले. एवढंच करायचं होतं.

त्यानंतर विनार्नीने बरेच दिवस कुणाचा फोन घेतला नाही. त्रीला आधी बरं वाटलं. काकूंच्या कबायाला बाह्या लागल्या. मग तीच म्हणायला लागली, “अगं, तो वाजतोय. डोकं उठलं माझं. घे, नाहीतर विहिरीत टाक.”

“काय सांगू त्यांना? लिफ्ट आहे? आहेच की. साखळीसकट आहे.”

तक्रार मात्र तिने केली होती, चार ठिकाणी. उत्तर एकाकडून आलं. पाटी बदलल्याचं त्यांनी कळवलं होतं. मालिशवाल्याच्या मुलाने जाऊन फोटो काढून आणला. नवी पाटी होती: ‘लिफ्ट हवी असल्यास सुरक्षारक्षकाला सांगा.’ आणि सुरक्षारक्षक कुठे बसतो? वर, जिन्याच्या शेवटी. विनार्नीने फोटो त्रीला दाखवला. त्रीने इतकी खणखणीत शिवी हासडली की शेजारची कोंबडी पळाली.

दुसऱ्या दिवशी जुमादी ओसरीसमोर येऊन थांबले. हातांना सेप्तीने कुठूनसे हातमोजे आणून दिले होते.

“पोरगी इस्पितळात नोकरीला लागली,” ते म्हणाले. “उत्तरेला, बंदराकडे.”

“ऐकलं. छान झालं.”

“तिथे कशी दिसते ते बघायचंय. गणवेशात. तिला न सांगता जायचंय. ती अजून नीट बोलत नाही माझ्याशी. जेवायला वाढते, औषध देते. बोलत नाही.”

विनार्नीने मशीन थांबवलं. “पाक, मी आता कुणाला शब्द देत नाही. मी बघून येईन आणि दुसऱ्या दिवशी तिथे खड्डा खणून ठेवतील.”

“शब्द कोण मागतंय? रस्ता विचारतोय.”

“आणि अडलं तर? मागच्यासारखं झालं तर?”

“मग आपण दोघं मिळून शिव्या देऊ.” जुमादींनी बाक ओढावं तशी खुर्ची जवळ आणली. “अडलंच तर मी उचलू देईन का, ते मला अजून ठाऊक नाही. विचारू नकोस.”

तिने विचारलं नाही. दाताने धागा तोडला, फोन उचलला आणि बंदराकडच्या थांब्याचा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. शेवटी कुणीतरी उचलला.

“लिफ्ट आहे का तुमच्याकडे?” विनार्नीने विचारलं.

“आहे ना, बू!”

“आनंद आहे. आता खुर्चीवरून उठा, तिच्यापाशी जा, बटण दाबा आणि आत उभे राहून मला फोन करा. मी थांबते.”

पलीकडे मागे कुणाशी तरी कुजबुज झाली, आणि फोन कट झाला.

विनार्नीने तोच नंबर पुन्हा लावला.